पोटरी दमली, टाच खाली आली: मुरलेल्या स्कीपटूच्या पहिल्या स्नोबोर्डचं प्रकरण

गुलमर्ग, फेब्रुवारी, दुपारचे साडेतीन. कोंगडोरीहून, म्हणजे गोंडोलाच्या (रोपवेच्या) मधल्या थांब्यावरून, खाली गावाकडे येणारी वाट शेवटी शेवटी अशी मंदावते की स्कीवर असलेला माणूस तिथे काठ्या काखेत धरून हातमोजे ठाकठीक करतो. नेमक्या त्याच जागी नागपूरच्या एक ताई स्नोबोर्डवरून पाठीमागे आपटल्या. वेग फार तर सायकलचा असेल. आधी ढुंगण, मग मागे टेकलेला डावा हात, मग हेल्मेटची मागची बाजू, हे सगळं डोळ्याचं पातं लवेपर्यंत उरकलं. हेल्मेट होतं म्हणून डोकं शाबूत राहिलं. मनगट दुखावलं आणि सहा दिवसांची सहल तिसऱ्या दिवशी संपली.

ताईंचं वय ४१, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६२ किलो, राहणं धरमपेठेत. स्कीचे बारा हंगाम गाठीशी. सुरुवात औलीला, नंतर दरवर्षी गुलमर्ग. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर, म्हणजे जवळपास चार हजार मीटरवरून, वाटाड्या सोबत घेऊन मऊ बर्फात उतरण्याइतकी तयारी. थोडक्यात, नवख्या नव्हत्या. आणि या प्रकरणात तपासण्यासारखं आहे ते हेच. अगदी नवखा माणूस तिसऱ्या दिवशी त्या वाटेवर गेलाच नसता. तो अजून बाउलमध्ये, गोल्फ कोर्सच्या बाजूच्या पोरांच्या उतारावर, उठबस करत राहिला असता.

पडण्याचा उलगडा

स्नोबोर्डला दोन लोखंडी कडा, म्हणजे एज, असतात, एक बोटांच्या बाजूला, एक टाचांच्या बाजूला. बर्फावर लोखंड कसं धरतं हे स्कीवाल्याला सांगावं लागत नाही. एज म्हणजे काय ते त्याच्या पायांना ठाऊक असतं. ठाऊक नसतो तो एक नियम, कारण स्कीवर तो पाळला नाही तरी सहसा भागून जातं. बोर्ड उताराला आडवा असताना वरच्या बाजूचीच एज बर्फात असली पाहिजे. खालची एज चुकून टेकली की ती सुतारकामाच्या पटाशीसारखी रुतते. बोर्ड जागच्या जागी थांबतो, अंग मात्र निघालेलंच असतं. टाचेची एज रुतली तर माणूस पाठीवर पडतो, बोटांची रुतली तर तोंडावर. स्कीवर असं झालं तर एक पाय उचलून सावरता येतं, किंवा बाइंडिंग, म्हणजे बूट बांधून ठेवणारी पकड, सुटतं. बोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला आवळलेले असतात आणि ते बाइंडिंग पडल्यावरही सुटत नाही.

ताई रेग्युलर, म्हणजे डावा पाय पुढे. त्यामुळे जाताना तोंड उजवीकडे आणि पाठ डावीकडे. त्या वाटेचा आडवा कल डावीकडे, दरीच्या बाजूला. म्हणजे पाठ दरीला, तोंड डोंगराला आणि सगळा भार बोटांच्या एजवर. अशा स्थितीत सलग जायचं तर टाचा सतत किंचित उचललेल्या ठेवाव्या लागतात. पाय बदलता येत नाही, उसंत नाही. पाच-सात मिनिटांत पोटऱ्या पेटतात.

पेटल्यावर टाचा खाली येतात. बोर्ड सपाट पडतो. सपाट पडलेल्या बोर्डची दरीकडची टाचेची एज बर्फावरून घसरत राहते आणि पहिल्याच कडक उंचवट्याला रुतते. दुपारी तीननंतर ती वाट सावलीत जाते. दिवसा किंचित सुटलेला बर्फ परत गोठतो आणि स्कीच्या चाकोऱ्या कडक होतात. पुढचं वर सांगितलंच आहे.

आता प्रश्न असा की बारा हंगाम स्की करणाऱ्या बाईच्या पोटऱ्या इतक्या लवकर का दमाव्यात? त्या रोज अंबाझरीला चालतात, दम भरपूर आहे. उत्तर बुटात आहे. स्कीचा बूट कडक प्लॅस्टिकचा असतो आणि घोटा त्यात चिणलेला असतो. नडगीनं बुटाची जीभ दाबली की काम होतं, पोटरीला टाच उचलायची वेळच येत नाही. बोर्डचा बूट मऊ, लेसचा. त्यात घोट्याला स्वतः काम करावं लागतं. स्कीनं मांड्या दगडासारख्या होतात, पण पोटरीला हा धडा मिळतच नाही.

एक छोटीशी गंमत अशी की आपल्याकडे ज्यांना लहानपणापासून उकिडवं बसायची सवय आहे त्यांचा घोटा चांगला वाकतो, आणि बोर्डवर त्याचा फायदाच होतो. मात्र वाकणं वेगळं आणि वाकलेल्या गुडघ्यानं टाच हवेत धरून ठेवणं वेगळं.

बोर्डच मुळात चुकीचा

दोष सगळा पोटरीचा नाही. भाड्याच्या दुकानात मिळालेला बोर्ड १५६ सेंटिमीटर लांब, कमरेला म्हणजे मधल्या अरुंद भागात २५४ मिलिमीटर रुंद. हा पंचाहत्तर-ऐंशी किलोच्या, मोठ्या पावलाच्या पुरुषाचा बोर्ड. ताईंचं पाऊल साडेचोवीस सेंटिमीटर. बूट घातल्यावरही बुटाची टोकं बोर्डच्या कडांच्या आतच राहत होती. बोर्ड एजवर उभा करायला तरफ लागते आणि ती तरफ म्हणजे कडेपर्यंत पोचणारा बूट. बूट आत राहिला की तेवढ्याच कोनासाठी पोटरीला जास्त ओढ. त्यांना १४६ ते १५० लांबीचा, कमरेला २४० मिलिमीटरच्या आसपास असलेला बोर्ड हवा होता. बूट दोन्ही बाजूंना एक ते दीड सेंटिमीटर बाहेर आला की माप जमलं. फारच बाहेर आला तर तेही वाईट, कारण वळणात बुटाचं टोक बर्फाला घासतं.

बोर्ड हनुवटीपर्यंत आला की झालं, असं दुकानात अजूनही सांगतात. हनुवटीचं माप म्हणजे नुसता अंदाज. बोर्डवरच्या किंवा कंपनीच्या तक्त्यात वजनाचा पल्ला दिलेला असतो. बोर्डला तुमची उंची कळत नाही, वजन कळतं.

बाइंडिंगचे कोन आधीच्या गिऱ्हाइकाचे होते, पुढचं २१ अंश, मागचं ६ अंश, दोन्ही पुढे वळलेली, आणि दोहोंतलं अंतर ५६ सेंटिमीटर. १६५ उंचीला हे अंतर फार. पाय इतके फाकले की गुडघे वाकतच नाहीत. ५० च्या आत हवं होतं. पुढे वळलेले कोन तर स्कीवाल्याच्या जुन्या सवयीला खतपाणीच घालतात, तो विषय पुढे येतोच. शिकणाऱ्याला पुढचं १५ आणि मागचं उणे ६ ते उणे ९, म्हणजे बदकासारखी पावलं, हे बरं पडतं. पाठीमागची आधारपट्टी, हायबॅक, सुरुवातीला सरळ ठेवावी.

कोन बदलायला पाच मिनिटं लागतात. प्रत्येक बाइंडिंगच्या मधल्या चकतीचे चार स्क्रू सैल करायचे, चकती फिरवायची, परत आवळायचं. अडचण होते पेचकसाची. हे स्क्रू पोझीड्राइव्ह तीन नंबरचे असतात. घरातला साधा फुली पेचकस त्यात नीट बसत नाही, दोनदा घसरला की स्क्रूचं डोकं गोल होतं आणि मग कुणाच्याच हाताला येत नाही. इतवारीत हार्डवेअरच्या दुकानी नंबर सांगून मागितला तर मिळतो, थोडं खोदून विचारावं लागतं. तो बॅगेत असू द्यावा. आणि पहिल्या तासाभरानंतर स्क्रू पुन्हा एकदा आवळून बघावेत, कारण ते हमखास सैल होतात.

पहिले दोन दिवस

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर, गुलमर्ग २,६५० वर. सकाळी नागपुरातून विमानानं निघून दिल्लीमार्गे श्रीनगर आणि तिथून गाडीनं वर, म्हणजे एका दिवसात तेवीसशे मीटरची चढण. पहिल्या रात्री डोकं जड होणं साहजिक. ताईंना ते दरवर्षी होतं, म्हणून त्यांनी पहिला दिवस बाउलमध्येच ठेवला. हे शहाणपण स्कीनंच दिलेलं.

शिकण्याचा क्रम ठरलेला आहे. पुढचा पाय बांधून मागच्यानं ढकलत सपाटीवर चालणं, मग एक पाय मोकळा ठेवून सरळ घसरणं, मग दोन्ही पाय बांधून टाचेच्या एजवर उताराला आडवं राहून सरळ खाली घसरणं, म्हणजे साइडस्लिप. मग त्याच एजवर डावीकडे-उजवीकडे, झाडावरून पडणाऱ्या पानासारखं झुलत उतरणं. हे सगळं टाचेवर पक्कं झालं की तेच सगळं बोटांच्या एजवर, पुन्हा पहिल्यापासून. मग एकेक वळण, आणि शेवटी वळणाला वळण जोडणं. उतार आठ ते बारा अंशांचा. दिवसाला सहज साठ-सत्तर वेळा उठावं लागतं, आणि प्रत्येक वेळी दोन्ही पाय फळीला बांधलेले.

टाचेची साइडस्लिप ताईंना तासाभरात आली. स्कीवर आडवं घसरत थांबण्याचा सराव असल्यानं एज किती सोडायची, किती धरायची हे अंगात होतंच. पडतं पान दुपारपर्यंत. शिकवणारा खूश, ताई त्याहून खूश. बोटांच्या एजचा तोच सराव मात्र जेमतेम चाळीस मिनिटं झाला. डोंगराकडे तोंड करून, दरीकडे पाठ करून घसरणं त्यांना कंटाळवाणं वाटलं आणि थोडं भीतीदायकही. स्कीवर दरी कधी पाठीमागे नसते. दुसऱ्या दिवशी त्या थेट वळणांवर आल्या.

सोबत एकोणीस वर्षांचा भाचा होता, दोन हंगाम बोर्ड केलेला, स्की मुळीच न येणारा. तो वरून ओरडत होता, "मावशी, पायाकडे काहून पाहून राहिली? जिकडे जायचं आहे तिकडे पाह्य ना!"

"थांब ना बाप्पा, पोटऱ्या पेटल्या माह्या," हे ताईंचं उत्तर. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला. म्हणजे कारण आदल्या दिवशीच सगळ्यांच्या कानावर आलं होतं. कुणी मनावर घेतलं नाही. नव्या खेळात पाय दुखायचेच, असं सगळ्यांनी धरलं.

स्कीच्या सवयी: कुठली कामाची, कुठली उलटणारी

बर्फ वाचता येणं कामाचं. कुठे वाऱ्यानं पापुद्रा धरलाय, कुठे झाडाखाली मऊ आहे, कुठे गोठलंय, हे ताई बोर्डवरूनही न चुकता सांगत. थंडी, रांग, चष्म्यावरची वाफ, यांत ऊर्जा जात नाही, तीही जमेची बाजू.

उलटणारी पहिली सवय छातीची. स्कीवर छाती दरीकडे आणि पाय खाली स्वतंत्र फिरतात. वर्षानुवर्षं हेच घोटून घेतलेलं असतं. बोर्डवर खांदे बोर्डच्या रेषेत ठेवायचे असतात, पुढचा खांदा पुढच्या टोकाच्या वर. ताई प्रत्येक टाचेच्या वळणात छाती दरीकडे फिरवत. छाती एकीकडे गेली की कमरेतून पिळ बसतो आणि मागचा पाय झाडूसारखा बोर्डची शेपटी ढकलतो. वळण होतं, पण घसरत, खरवडत होतं, आणि मांडीचा जीव जातो. शिकवणाऱ्यानं यावर एक साधा उपाय केला. डावा हात बोर्डच्या पुढच्या टोकाकडे आणि उजवा शेपटीकडे रोखून उतरायला लावलं. हात रेषेत राहिले की खांदेही रेषेत राहतात.

दुसरी सवय वजनाची. घसरायला लागलं की वजन मागे जातं. स्कीवरही ही चूकच, पण मुरलेला माणूस ती पचवतो. बोर्ड पचवत नाही. वळण पुढच्या पायानं सुरू होतं, साठ टक्के भार तरी तिथे हवा. मागे बसलं की पुढचं टोक हलकं होतं, बोर्ड वळत नाही, उलट वेग घेतो.

तिसरी सवय सगळ्यांत बारीक, आणि चांगल्या स्कीपटूलाच ती असते. नीट कोरीव वळण घेणारा माणूस एज लवकर बदलतो, स्की अजून उताराला आडव्या असतानाच. तिथे याचं कौतुक होतं. मुरलेला बोर्डवालाही वेगात असंच करतो, पण तेव्हा त्याचं अंग वळणाच्या आत झुकलेलं असतं. सायकलच्या वेगात सरळ उभ्या शिकाऊ माणसानं आडव्या बोर्डवर एज बदलली तर तो स्वतःच्या हातानं खालची एज बर्फात घालतो. आधी बोर्ड फॉल लाइनला, म्हणजे ओतलेलं पाणी सरळ वाहत जाईल त्या दिशेला, येऊ द्यायचा. क्षणभर सपाट. मग दुसरी एज. तो क्षण अंगावर येतो, कारण त्या वेळी बोर्ड सरळ खाली धावत असतो. ताईंना वेगाची भीती नव्हती, घाई होती. दुसऱ्या दिवशी त्या पाच-सहा वेळा याच कारणानं तोंडावर आल्या. मऊ बर्फ होता म्हणून हसण्यावारी गेलं.

आणि चौथी सवय नजरेची. स्कीवाला उतार किती तीव्र ते बघून धोका जोखतो. गोंडोलाचा पहिला टप्पा त्याला सोपा वाटतो, आणि स्कीवर तो सोपा आहेही. बोर्डवर शिकताना खरी डोकेदुखी सपाट आणि आडव्या जागांची. काठ्या नाहीत, वेग गेला की एक पाय सोडून ढकलत जावं लागतं. आणि आडव्या वाटेवर एकाच एजवर मिनिटामागून मिनिटं काढावी लागतात. तिसऱ्या दिवशी गोंडोलानं कोंगडोरीला जाताना ताईंनी वरचे उतार डोळ्यांनी मोजले. खालची वाट त्यांनी हिशेबातच धरली नव्हती. त्या वाटेवर त्यांनी बारा वर्षं फक्त विश्रांती घेतली होती.

कुणी म्हणेल, चेक खेळाडू एस्टर लेडेत्स्कानं २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीची सुपर-जी शर्यत ०.०१ सेकंदानं जिंकली आणि त्याच स्पर्धेत स्नोबोर्डच्या समांतर जायंट स्लॅलमचंही सुवर्ण घेतलं. खरं आहे. पण ती दोन्ही लहानपणापासून करत आली. चाळिशीत एकावरून दुसऱ्यावर जाणाऱ्यानं तिचं उदाहरण कौतुकापुरतं ठेवावं.

त्या वाटेवर काय करता आलं असतं

दोन गोष्टी, दोन्ही सोप्या. बोटांच्या एजवर असताना दमलं की गुडघे टेकायचे. तोंड डोंगराकडेच असतं, गुडघे वरच्या बाजूला बर्फावर, वीतभरही पडणं नाही. टाचेच्या एजवर दमलं की बसायचं. स्कीवाल्याला रस्त्यात बसण्याची लाज वाटते. बोर्डवाले दिवसभर बसतात, त्यात कमीपणा नाही. फक्त बसताना वाटेच्या कडेला, वरून येणाऱ्याला दिसेल अशा जागी.

दुसरी, उजवा पाय पुढे करून जायचं. म्हणजे बोर्ड उलटा, शेपटी पुढे. तोंड दरीकडे येतं, भार टाचेच्या एजवर येतो, पोटऱ्या मोकळ्या. पडत्या पानाच्या सरावात ताई दोन्हीकडे झुलल्या होत्याच, म्हणजे हे त्यांना येत होतं. तो नुसता बाउलमधला व्यायाम नाही, आडव्या वाटेवरचं हत्यार आहे, हे त्यांना कुणी जोडून दाखवलं नव्हतं.

मनगटाचे गार्ड त्यांनी घेतले होते. हॉटेलच्या खोलीत होते. स्कीच्या घट्ट हातमोज्यांत ते बसेनात, म्हणून काढून ठेवले. स्कीमध्ये भीती गुडघ्याची, शिकाऊ बोर्डवाल्याला मनगटाची. हातमोजे एक माप मोठे घ्यावेत किंवा आत पट्टी शिवलेले. आणि पडताना हात मागे टेकायचा नाही: मुठी छातीशी, हनुवटी गळ्याशी, ढुंगणावर बसून पाठीवर लोळायचं. सांगायला सोपं. सतरंजीवर शंभरदा करून बघितल्याशिवाय अंगात येत नाही.

मनगटाचं पुढे

वाटेवर थोडा वेळ बसून त्या एक पाय मोकळा करून चालत खाली आल्या. रात्री डोकं दुखत होतं. इथे एक फसगत असते. २,६५० मीटरवर डोकेदुखी उंचीची म्हणूनही होते आणि डोक्याला मार लागल्याचीही. दोन्हींत फरक करण्याच्या भानगडीत न पडता, डोकं आपटलं असेल तर ते माराचंच धरून माणसाला एकटं ठेवू नये. उलटी, वाढती झोप, बोलण्यात गोंधळ यांपैकी काही दिसलं की लगेच खाली दवाखान्यात न्यावं. भाचा रात्रभर त्याच खोलीत होता. सकाळपर्यंत डोकेदुखी उतरली. हेल्मेट मात्र बाद केलं. जोराचा मार खाल्लेल्या हेल्मेटच्या आतला थर दबलेला असतो, वरून कितीही धड दिसो.

अंगठा ताणला की मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला दोन कंडरांमध्ये खोबण पडते, तिथे दाबल्यावर ताई कळवळत होत्या. खाली एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. अनेकजण इथेच निश्चिंत होतात. त्या खोबणीखाली स्केफॉइड नावाचं छोटं हाड असतं आणि त्याची चीर पहिल्या एक्स-रेत पुष्कळदा दिसत नाही. त्या हाडाचा रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकाकडून उलटा येतो. त्यामुळे चीर दुर्लक्षित राहिली तर हाड जुळत नाही आणि मनगट कायमचं कुरकुरतं. म्हणून खोबणीत दुखत असेल तर फ्रॅक्चर आहे असंच समजून अंगठ्यासकट स्प्लिंट, आणि दहा ते चौदा दिवसांनी परत एक्स-रे. ताईंनी तो नागपुरात काढला. चीर नव्हती, अस्थिबंधन दुखावलं होतं. महिनाभरात स्प्लिंट गेलं.

नागपुरातले दहा महिने

बर्फाशिवाय बोर्ड शिकता येत नाही. पण हे प्रकरण पोटरीवर येऊन ठेपलं होतं, आणि पोटरीला बर्फ लागत नाही.

जिन्याची पायरी पुरली. पंजे पायरीच्या कडेवर, टाचा हवेत पायरीच्या पातळीहून बोटभर वर, गुडघे वाकलेले, आणि तसंच थांबायचं. गुडघे सरळ ठेवून टाचा वर-खाली करणं हा जिमवाला व्यायाम वेगळ्या, वरच्या स्नायूला जातो. वाकलेल्या गुडघ्यानं काम करतो तो खालचा, सोलिअस, आणि बोर्डवर गुडघे कधीच सरळ नसतात. सुरुवातीला ताईंना पंचेचाळीस सेकंद जमले. दिवाळीपर्यंत दोन-दोन मिनिटांच्या पाच फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती. टाचेच्या एजसाठी उलट: पाठ भिंतीला, टाचा टेकलेल्या, पंजे वर, तीस सेकंद. नडगीच्या बाजूचा स्नायू यात जळतो. त्याखेरीज दंड आणि बैठका. पोटावरून दोन्ही पाय बांधलेले असताना उठणं म्हणजे अर्धा दंड आणि एक बैठक, दुसरं काही नाही.

तोल साधायची फळी घरी करता येते, फक्त तिची दिशा बघावी. सगळीकडे दिसते ती प्लायची फळी आणि खाली मोकळा आडवा पाइप. त्यावर उभं राहिलं की माणूस बोर्डच्या टोकाकडे आणि शेपटीकडे डुलतो. पुढच्या पायावर भार नेण्याला ती ठीक. पण ताईंचं पडणं बोटांकडून टाचेकडे होतं, आणि त्या दिशेला ही फळी डुलतच नाही. त्यासाठी ७५ बाय ३० सेंटिमीटरची १८ मिलिमीटर जाड प्लाय घेऊन तिच्या खाली मधोमध, लांबीच्या दिशेनं, दोन इंची गोल लाकडी दांडा उभा चिरून त्याचा अर्धा भाग स्क्रूनं बसवला. सपाट बाजू प्लायला, गोल बाजू जमिनीला, खाली सतरंजी. पावलं बाइंडिंगच्या अंतरावर. पुढची कड जमिनीला न टेकवता आणि मागचीही न टेकवता मिनिटभर उभं राहणं वाटतं तेवढं सोपं नाही. गुळगुळीत फरशीवर ती सरकते, सतरंजी विसरू नये.

सेमिनरी हिल्सच्या उतारावर लाँगबोर्ड, म्हणजे चाकांची लांब फळी, घेऊन जाण्याची कल्पना भाच्यानं मांडली होती. ती हाणून पाडली ते बरं झालं. डांबरावर ना एज, ना ब्रेक.

ताईंनी पुढच्या हिवाळ्याआधी स्वतःचा बोर्ड आणि बूट घेतले. बोर्ड १४८ सेंटिमीटर, कमरेला २४० मिलिमीटर, कडा किंचित वर उचललेल्या आकाराचा. असा बोर्ड खालची एज रुतण्याच्या बाबतीत थोडा क्षमाशील असतो. जी एज कारखान्यातून धारदार येते, तिची टोकाकडची आणि शेपटीकडची वळती धार डायमंड दगडानं हलकी बोथट केली. मधल्या धारेला हात लावला नाही, नाहीतर कडक बर्फावर धरणार कोण?

नागपुरात हे सामान ठेवणं हाही एक उद्योगच आहे. मे महिन्यात गच्चीवरची खोली किंवा बंद गाडी पंचेचाळीसच्याही वर तापते. चिकटवलेल्या थरांची फळी आणि बुटाचा फोम दोघांनाही ते मानवत नाही. घरातली सगळ्यांत थंड आतली भिंत शोधावी. जूनपासून उलटा त्रास. ओलीनं कडा गंजतात, बुटाला बुरशी धरते. हंगाम संपल्यावर तळाला मेणाचा जाड थर द्यायचा आणि तो खरवडायचा नाही, कडांवरही येऊ द्यायचा. साधी, वाफ नसलेली इस्त्री लोकरीच्या खुणेवर चालते, धूर आला तर उष्णता जास्त. फिरवत राहावी, एका जागी थांबवली तर तळ भाजतो. बुटात वर्तमानपत्राचे बोळे, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून अजिबात ठेवू नयेत.

दुसरा फेब्रुवारी

कोन पुढे १५, मागे उणे ६, अंतर ४९ सेंटिमीटर. मनगटाचे गार्ड मोठ्या मोज्यांत, आत पॅड असलेली चड्डी, नवं हेल्मेट. दोन पूर्ण दिवस बाउल, त्यातला एक सबंध दिवस फक्त बोटांच्या एजवर. ड्रॅग लिफ्टला मागचा पाय मोकळा ठेवून दांडा मांड्यांमध्ये धरायचा असतो आणि त्यावर बसायचं नसतं. इथे स्कीची सवय परत एकदा आडवी आली आणि ताई तीनदा लिफ्टवरून घरंगळल्या. बोर्ड सोडून ठेवताना तो उलटा, बाइंडिंग बर्फात रुतवून ठेवायचा, हेही त्यांना दोनदा सांगावं लागलं. स्कीला ब्रेक असतो, बोर्डला नसतो, आणि निसटलेला बोर्ड खाली कुणाच्या तरी नडगीवर जाऊन थांबतो.

तिसऱ्या दिवशी वळणाला वळण लागलं. चौथ्या दिवशी कोंगडोरी. ती वाट या वेळी दुपारी एकला, ऊन असताना घेतली. त्यात त्यांनी चारदा गुडघे टेकले आणि मधला मोठा टप्पा उजवा पाय पुढे करून टाचेवर काढला. पाचव्या दिवशी दोनदा टेकले. वाटेवर एकदाही पडल्या नाहीत.

टाचेच्या वळणात छाती दरीकडे फिरवणं मात्र गेलेलं नाही. उतार वीस अंशांच्या पुढे गेला की खांदा फिरतो, मागचा पाय झाडू मारायला लागतो आणि बोर्ड खडखडत घसरतो. सहाव्या दिवशी भाच्यानं मोबाइलवर मागून केलेलं चित्रण दाखवलं तेव्हा ताईंना ते पटलं. तोवर त्यांचं म्हणणं बर्फच कडक आहे असं होतं.